एकाच डिशचं चित्र हॉलमध्ये लख्ख, वरच्या खोल्यांत धुरकट – काय करावं?

दुसरा_मजला

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गच्चीवर डिश, हॉलमध्ये सेट टॉप बॉक्स. बॉक्समधून एचडीएमआयने हॉलचा टीव्ही, तिथे चित्र एकदम झकास. त्याच बॉक्सच्या एव्ही पिना (पिवळी-लाल-पांढरी) एका आरएफ मॉड्युलेटरला (एव्हीचं चित्र अँटेनाच्या वायरीतून जाईल असं करणारी डबी) दिल्या आहेत. तिथून वायर माळ्यावर जाते आणि पुढे दोन टीव्हींना, एक बाबांच्या खोलीत, एक अभ्यासाच्या खोलीत. बॉक्स एकच असल्याने सगळीकडे एकच चॅनल दिसतो. त्याबद्दल तक्रार नाही, बाबांचं आणि माझं आवडीचं चॅनल एकच आहे.

तक्रार चित्राबद्दल. वर मुंग्या आहेतच, शिवाय प्रत्येक माणसाला उजव्या बाजूने एक फिकट सावली चिकटलेली दिसते. अभ्यासाच्या खोलीत भर म्हणून एक राखाडी आडवा पट्टा सावकाश वर सरकत असतो. सिग्नल कमी पडत असेल म्हणून माळ्यावर बूस्टर लावला, तर आता सगळ्या चित्रावर तिरप्या नक्षीचं जाळंच आलंय.

दुसरी डिश बसवू का? की डिश नीट फिरवून घेऊ?

अर्धा_अँटेना

सावली दिसत असेल तर एका बॉक्सच्या पैशात प्रत्येक पात्राचा डबल रोल बघायला मिळतोय, तक्रार कसली करताय :)

सोल्डरकाका

डिशला हातही लावू नका. हॉलमध्ये चित्र लख्ख आहे ना? मग डिश, एलएनबी (डिशच्या पुढ्यातली सिग्नल पकडणारी डबी), तिथून बॉक्सपर्यंतची वायर हे सगळं निर्दोष सुटलं. डिशकडून येतं ते डिजिटल. ते बिघडलं तर चौकोन पडतात, चित्र अडकतं, आवाज तुटतो, नाहीतर सरळ 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. ते कधी धुरकट होत नाही, त्यात मुंग्या येत नाहीत आणि सावली तर येऊच शकत नाही. मुंग्या, सावली, पट्टा, जाळं ही सगळी अ‍ॅनालॉगची दुखणी आहेत. म्हणजे तुमचा रोग बॉक्सच्या एव्ही पिनांपासून वरच्या टीव्हीपर्यंत कुठेतरी बसलाय.

आणि पहिलं काम म्हणजे तो बूस्टर काढा. मॉड्युलेटरचा सिग्नल मुळात बऱ्यापैकी दणकट असतो. टीव्हीला साधारण ६० ते ८० डेसिबल मायक्रोव्होल्ट (सिग्नलच्या जोराचं माप) लागतात. त्याच्या वर ढकललंत की टीव्हीचा ट्यूनरच गुदमरतो आणि तुम्ही म्हणताय तशी जाळी येते. शिवाय बूस्टरला चित्र आणि मुंग्या यातला फरक कळत नाही, तो दोघांनाही सारखंच मोठं करतो. लावायचाच झाला तर सिग्नल अजून स्वच्छ आहे अशा जागी, म्हणजे उगमाजवळ. वायरीच्या शेवटी, चित्र मेल्यावर लावून काही होत नाही.

मग एक चाचणी करा. वरचा एखादा टीव्ही उचलून खाली आणा आणि मॉड्युलेटरला मीटरभर वायरीने थेट जोडा. जे दिसेल ते इथे लिहा.

चौकोनराजे

टीव्ही उचलून?! आमचा उचलायला चार माणसं लागतात.

सोल्डरकाका

मग मॉड्युलेटर आणि बॉक्स उचलून वर न्या. डिशच्या वायरीशिवाय बॉक्सचा मेन्यू तरी दिसतोच, चाचणीला तेवढा पुरतो. मेन्यूतली बारीक अक्षरं उलट जास्त उपयोगाची असतात.

निळी_स्क्रीन

काकांशी सहमत. एक भर घालते. सावली नेमकी किती अंतरावर आहे? पट्टी लावून मोजा. बाबांच्या टीव्हीवर बॉक्सचा मेन्यू लावा, एखाद्या उभ्या रेघेची सावली उजवीकडे किती मिलिमीटरवर पडते ते सांगा आणि पडद्याची रुंदीही सांगा. गंमत नाही करत, खरंच विचारतेय.

दुसरा_मजला

बूस्टर काढला. जाळं गेलं!! मुंग्या परत आल्या, पण आधी होत्या तेवढ्याच.

टीव्ही खाली आणून थेट जोडला. मुंग्या नाहीत, सावली नाही, पट्टा नाही. पण हॉलच्या टीव्हीइतकं स्वच्छ अजूनही नाही. अक्षरांच्या कडांवर बारीक ठिपके सरपटतात आणि उभ्या रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य उमटतं.

निळी_स्क्रीन, बाबांचा टीव्ही ४० इंची, पडदा साधारण ८८ सेंमी रुंद. सावली ३ मिमी. बाबा विचारत होते मी टीव्हीला कपडे शिवतोय का.

निळी_स्क्रीन

मस्त. आता बघा. अ‍ॅनालॉग चित्राची एक ओळ पडद्यावर डावीकडून उजवीकडे उमटायला ५२ मायक्रोसेकंद लागतात (पॅल म्हणजे आपल्याकडच्या अ‍ॅनालॉग टीव्ही पद्धतीचा हिशोब). ८८ सेंमीला ५२, तर ३ मिमीला साधारण ०.१८ मायक्रोसेकंद. तुमची सावली म्हणजे तेच चित्र, फक्त एवढ्या उशिराने पोचलेलं. फोम भरलेल्या कोॲक्स वायरीत (मध्ये तार, भोवती जाळी अशी टीव्हीची गोल वायर) सिग्नल प्रकाशाच्या ८० ते ८५ टक्के वेगाने धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात त्रेचाळीस-चव्वेचाळीस मीटर. जाऊन परत आला म्हणजे निम्मे.

तर तुमच्याकडे कुठेतरी वीस-बावीस मीटरचं, शेवट उघडा असलेलं वायरीचं एक शेपूट आहे. सिग्नल त्या टोकाला जातो, पुढे रस्ता नाही म्हणून आपटून परत येतो आणि उशिरा टीव्हीत शिरतो. घरात असा कुठे जुना, बंद पडलेला टीव्ही पॉइंट आहे का?

दुसरा_मजला

...

मागच्या पडवीत आहे. तिथे पूर्वी टीव्ही होता. पण तो पॉइंट कुठे जोडलाय हे मला माहीतही नाही. उद्या माळ्यावर चढतो.

अर्धा_अँटेना

पट्टीने टीव्हीवरची सावली मोजून पडवी शोधली! साष्टांग दंडवत, ताई.

भिंतीपलीकडे

धागा हायजॅक करतोय त्याबद्दल क्षमस्व, पण विषय जवळचाच आहे. आमच्याकडे दोन स्वतंत्र बॉक्स आहेत, डिश एक. डिशकडून येणाऱ्या वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन्ही बॉक्स जोडले. चित्र उत्तम येतं, पण मधूनच एका खोलीतले निम्मे चॅनल गायब होतात. दुसऱ्या खोलीत कुणी चॅनल बदलला की परत येतात. भुताटकी वाटायला लागलीय.

सोल्डरकाका

भुताटकी नाही, व्होल्टेज आहे. त्या वायरीतून सिग्नल खाली येतो आणि वीज वर जाते. एलएनबी जगतो तोच बॉक्सच्या विजेवर, आणि त्याच विजेतून त्याला हुकूमही मिळतात. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की तो उभ्या ध्रुवणाचे (लहरी उभ्या डोलणारे) चॅनल पाठवतो, १८ दिले की आडव्या ध्रुवणाचे. युनिव्हर्सल एलएनबीला त्याशिवाय २२ किलोहर्ट्झचा टोन असतो, तो असला तर वरचा बँड, नसला तर खालचा. एका वायरीवर एका वेळी या चारपैकी एकच गठ्ठा येतो.

आता तुमचे दोन बॉक्स एकाच एलएनबीला दोन वेगळे हुकूम देताहेत. एक १३ म्हणतोय, दुसरा १८. जास्त व्होल्टेजवाला जिंकतो. जिंकलेल्याला कळतही नाही, हरलेल्याचे निम्मे चॅनल जातात.

स्प्लिटर काढा. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी बसवा आणि प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतंत्र वायर ओढा. तीन-चार बॉक्स असतील तर चार तोंडांचा, त्याहून जास्त असतील तर मल्टिस्विच (प्रत्येक बॉक्सला हवा तो गठ्ठा वाटणारा डबा). भिंतीतून दुसरी वायर जातच नसेल तर एकाच वायरीवर अनेक बॉक्स चालवणारी युनिकेबल पद्धत आहे, पण तिला एलएनबी आणि बॉक्स दोन्ही त्या जातीचे लागतात.

निळी_स्क्रीन

आणि डिशच्या बाजूच्या वायरीत काटकसर करू नका. तिथे सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. वारंवारता जितकी वरची, तितकी वायर जास्त खाते. आरजी-६ वायर १०० मीटरमागे १००० मेगाहर्ट्झला वीस-बावीस डेसिबल खाते, २१५० ला तिशी ओलांडते. जुनी बारीक आरजी-५९ त्याहून खादाड. म्हणून कधी कधी ठरावीक काही चॅनलच अडकतात आणि बाकीचे ठणठणीत असतात, ते बहुधा वरच्या टोकाचे असतात.

बॉक्सच्या मेन्यूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथ बूस्टर लावूनही वाढते.

भिंतीपलीकडे

कळलं! म्हणजे मी बातम्या लावल्या की पलीकडची मॅच जाते ती यामुळे. घरात माझ्यावर उगाच संशय होता.

दुसरा_मजला

माळ्यावरून लिहितोय (अक्षरशः). फोटो टाकता येत नाहीये, वर्णन करतो. खालून आलेली वायर, वरच्या दोन खोल्यांच्या दोन वायरी आणि चौथी एक धुळकट वायर जी मागच्या बाजूला उतरते. चारही वायरी सोलून, आतल्या तारा एकत्र पिळल्यात आणि वरून काळी चिकटपट्टी. जाळी (वायरीभोवतीची) तीनच वायरींची एकत्र आहे, अभ्यासाच्या खोलीच्या वायरीची जाळी हवेत लोंबतेय. ही चौथी वायर म्हणजेच पडवी. खाली जाऊन पाहिलं, तिथल्या पॉइंटमध्ये काहीच लावलेलं नाही. लांबी मोजता आली नाही, भिंतीत गेलीय, पण वीसेक मीटर असेलच.

सोल्डरकाका

हे असलं पिळकाम मी आयुष्यभर सोडवत आलो. विजेची वायर अशी जोडली तर दिवा लागतो, म्हणून माणसाला वाटतं टीव्हीची वायरही अशी जोडता येते. कोॲक्स वायर म्हणजे नळ समजा, ७५ ओहमचा. नळाला जिथे भोक पडलं, घडी पडली, किंवा दोन नळ नुसते एकमेकांना टेकवले, तिथून पाणी उसळतं.

आता असं करा. पडवीची वायर कापून पूर्ण वेगळी करा. उरलेल्या तीन वायरींना नीट एफ कनेक्टर (डिशच्या वायरीच्या टोकाला असतात तसे आट्यांचे) बसवा आणि दोन तोंडांचा स्प्लिटर लावा. स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साडेतीन-चार डेसिबल खाईल, खाऊ द्या, मॉड्युलेटरच्या सिग्नलला ते परवडतं. पुढेमागे जास्त तोंडांचा लावलात आणि एखादं रिकामं राहिलं तर त्यावर ७५ ओहमची टोपी म्हणजे टर्मिनेटर बसवा, उघडं ठेवू नका.

कनेक्टर बसवताना घाई नको. बाहेरचं काळं आवरण सोला, जाळी मागे उलटी दुमडा, पांढरा फोम कापा, मधली तार कनेक्टरच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावली पाहिजे. मग डोळ्याजवळ धरून बघा. जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. मॉड्युलेटरच्या बाजूला त्याने नुसतं चित्र जातं, डिशच्या बाजूला बॉक्सची वीजच शॉर्ट होते. पिळून बसवायचे कनेक्टर टाळा, हत्याराने दाबून बसवायचे कॉम्प्रेशनवाले घ्या. पिळलेले वर्षभरात सैल पडतात.

चौकोनराजे

माझाही एक प्रश्न. आमच्याकडे मॉड्युलेटर वगैरे नाही, थेट एचडीएमआय स्प्लिटर आहे, एक बॉक्स दोन टीव्ही. दुसरा टीव्ही जुना, लहान. तो जोडल्यापासून हॉलच्या मोठ्या टीव्हीचं चित्र मऊ, पिठूळ झाल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात भास आहे. मी भारीतली एचडीएमआय वायरही आणली, काही फरक नाही.

निळी_स्क्रीन

भास नाही. एचडीएमआयमध्ये टीव्ही स्वतःची कुंडली बॉक्सला सांगतो, मला अमुक रिझोल्यूशन झेपतं वगैरे. तिला ईडीआयडी म्हणतात. स्प्लिटर मध्ये आला की त्याच्यासमोर दोन कुंडल्या, आणि बरेच स्प्लिटर दोघांना झेपेल असं बघतात, म्हणजे कमी असलेली निवडतात. तुमचा जुना टीव्ही ७२० वाला असेल तर बॉक्स ७२० पाठवतो आणि मोठा टीव्ही ते ताणून दाखवतो.

स्प्लिटरवर ईडीआयडीचं बारीक बटण आहे का बघा. असेल तर १०८० वर करा. मग जुन्या टीव्हीवर चित्र येतं की नाही हे त्या टीव्हीवर अवलंबून. अनेक ७२० वाले १०८० घेतात आणि आतल्या आत लहान करतात.

वायरीचं म्हणाल तर एचडीएमआय वायर भारी आणून चित्र 'जास्त चांगलं' होत नाही. कमी पडली तर चमचमते ठिपके येतात किंवा चित्र येतं-जातं. तसं नसेल तर वायर निर्दोष.

चौकोनराजे

बटण सापडलं!!! स्प्लिटरच्या पोटाला होतं, टाचणीने दाबायचं. हॉलचा टीव्ही पूर्ववत, जुन्यावरही चित्र येतंय. घरच्यांना बोलावून दाखवलं. "आधीपण असंच होतं की" असं उत्तर मिळालं.

दुसरा_मजला

अपडेट. पडवी कापली, कनेक्टर बसवले (तीन फुकट घालवून), स्प्लिटर लावला.

सावली गेली. पूर्ण गेली. मुंग्या बाबांच्या खोलीत शून्य, अभ्यासाच्या खोलीत जवळजवळ शून्य. पण तो आडवा पट्टा अजून आहे, फक्त अभ्यासाच्या खोलीत. वायर बदलून पाहिली, टीव्ही बदलून पाहिला.

सोल्डरकाका

पट्टा एक की दोन?

दुसरा_मजला

एक. रुंद, राखाडी.

सोल्डरकाका

दोन असते तर कुठल्यातरी अ‍ॅडॅप्टरचा कपॅसिटर दमलाय म्हणालो असतो. तिथे वीज सरळ करताना ५० चे १०० हर्ट्झ होतात, म्हणून पट्टे दोन. एक पट्टा म्हणजे घरातली ५० हर्ट्झची वीजच चित्रात घुसलीय. चित्रही सेकंदाला ५० वेळा पडदा झाडतं, दोन्हीत किंचित फरक, म्हणून पट्टा जागेवर न राहता सावकाश सरकतो. अर्थिंगचं वर्तुळ झालं की असं होतं, दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली आणि तुमच्या वायरीची जाळी त्यांना जोडतेय. त्या टीव्हीला आणखी काय जोडलंय? तीन पिनांचं?

दुसरा_मजला

कॉम्प्युटर! एचडीएमआयने. ती वायर उपसली आणि पट्टा डोळ्यांदेखत गायब. परत लावली, परत आला. आता काय, कॉम्प्युटरची अर्थ पिन काढू?

सोल्डरकाका

अजिबात नाही!! चित्रासाठी जिवावर उदार होऊ नका. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर म्हणून बोटभर तुकडा मिळतो, तो टीव्हीच्या मागे कोॲक्स वायरीत लावा. सिग्नल जातो, ५० हर्ट्झ अडतात. फक्त तो मॉड्युलेटरनंतरच्याच वायरीत. डिशच्या वायरीत लावलात तर एलएनबीची वीज तोडाल.

दुसरा_मजला

लावला. पट्टा गेला. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

आता फक्त ते सरपटणारे ठिपके आणि इंद्रधनुष्य. ते मॉड्युलेटर बदलून जाईल का?

निळी_स्क्रीन

नाही. ते दुखणं मॉड्युलेटरच्याही आधीचं, त्या पिवळ्या पिनेतलं आहे. पिवळ्या वायरीत उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेत कोंबलेली असते, रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर स्वार होऊन. टीव्हीने ते पुन्हा वेगळं करायचं. बारीक रेघांचा शर्ट आला की टीव्ही रेघांनाच रंग समजतो, तुमचं इंद्रधनुष्य ते. शिवाय एचडी चॅनलसुद्धा त्या पिनेतून बाहेर पडताना ७२० बाय ५७६ च्या साच्यात येतो. त्यानंतर तुम्ही कितीही चांगली वायर ओढा, गेलेलं परत येत नाही. टीव्हीचा शार्पनेस मात्र शून्याजवळ आणा, अशा चित्रात तो ठिपके आणखी उठावदार करतो.

हे घालवायचं तर पिवळी पिन सोडावी लागेल. दोन मार्ग. एचडीएमआय घेऊन डीव्हीबी-टीमध्ये (अँटेनावरच्या डिजिटल टीव्हीची पद्धत) बदलणारा डिजिटल मॉड्युलेटर मिळतो, तो तुमच्या आहे त्याच कोॲक्सवर चालतो. टीव्हीत तो ट्यूनर हवा, चित्र थोडं उशिरा पोचतं (खालून 'गोल!' ऐकू येईल आणि मग वर दिसेल), आणि बॉक्सने चित्राला एचडीसीपीचं (कॉपी रोखणारं) कुलूप लावलं असेल तर काही मॉड्युलेटर काळा पडदा दाखवतात. दुसरा मार्ग, नवी वायर ओढता येत असेल तर नेटवर्कची कॅट-६ ओढा आणि दोन टोकांना एचडीएमआय एक्स्टेंडर (एचडीएमआय त्या वायरीवरून लांब नेणारी डब्यांची जोडी) लावा. मी हाच निवडीन.

अर्धा_अँटेना

वायरलेस नाही का चालणार? मी एकदा २.४ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ सेंडर लावला होता. मायक्रोवेव्ह सुरू केला की चित्र जायचं. जेवण गरम आहे हे वरच्या मजल्यावर न सांगता कळायचं.

दुसरा_मजला

शेवटचा अपडेट. पडवीच्या मेलेल्या वायरीने तसं काही कामच केलं नाही, पण बाबांच्या खोलीची कोॲक्स बाहेर ओढताना तिच्याच शेपटीला कॅट-६ बांधली आणि अलगद पाइपमधून आली. हॉलमध्ये एचडीएमआय स्प्लिटर, त्यावर ईडीआयडी १०८० (आभार चौकोनराजे, तुमच्यामुळे बटण आधीच शोधलं), एक्स्टेंडर, वर बाबांचा टीव्ही. एक्स्टेंडरला रिमोटचा डोळाही आहे, चॅनल बदलायला आता जिना उतरावा लागत नाही. अभ्यासाच्या खोलीत जुना मॉड्युलेटरच ठेवला, तिथे टीव्ही कोण बघतंय.

बाबांनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "चित्राचं माहीत नाही, आवाज फार सुधारला." मी आवाजाला हातही लावला नव्हता.

सोल्डरकाका

बाबा बरोबर आहेत. असले स्वस्तातले मॉड्युलेटर बहुतेक मोनो असतात, डावा-उजवा एकत्र करून पाठवतात. इतकी वर्षं त्यांनी एकाच कानाने ऐकलं.